जाड कार्ड प्रिंटरमध्ये फसतं तेव्हा: काय तपासायचं, कुठे थांबायचं

"भाऊ, साधा कागद बरोबर जाते, पत्रिकेचं कार्ड टाकलं का फसते." मार्च लागला की वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या आजूबाजूच्या गावांतून असे फोन सुरू होतात. मी प्रिंटर दुरुस्त करतो. आधी सेतू केंद्रं आणि झेरॉक्सची दुकानं एवढंच काम होतं, आता घरोघरी इंक टँकवाले प्रिंटर आले आहेत. उन्हाळ्यात लग्नाच्या पत्रिका, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला शाळांची प्रमाणपत्रं, दिवाळीच्या तोंडावर बचत गटांच्या फराळाच्या डब्यांवर लावायची कार्डं. माणसं बदलतात, तक्रार तीच.

इतकी मशीनं उघडून झाल्यावर एक गोष्ट मी खात्रीने सांगतो. जाड कार्ड अडकतं तेव्हा बहुतेक वेळा प्रिंटर बिघडलेला नसतो. आत कागदाला जे वळण घ्यावं लागतं, ते त्या कार्डाला झेपत नसतं. हे घरबसल्या ओळखता येतं. तरी लोक मशीन पोत्यात बांधून एसटीने तालुक्याला आणतात, वाटेत टाकीतली शाई हेलकावून आत सांडते आणि नसलेला बिघाड खरोखरचा होतो. म्हणून आधी हे वाचा. फुकटात होणाऱ्या गोष्टी पहिल्या लिहिल्या आहेत, मेकॅनिकचं काम शेवटी.

लक्षणं

- रोलर फिरल्याचा आवाज येतो, कार्ड जागचं हलत नाही. दोन-तीनदा खटपट करून मशीन "कागद नाही" असं दाखवतं, कार्ड डोळ्यांसमोर असताना.
- कार्ड अर्धं जातं आणि थांबतं, जॅमचा दिवा लुकलुकतो.
- कार्ड तिरपं जातं. गणपतीचं चित्र एका बाजूला झुकलेलं येतं.
- आत "खर्र" असा घासल्याचा आवाज येतो, कार्डाच्या कडेवर शाईचे फराटे उमटतात किंवा पुढचा कोपरा दुमडतो.
- छपाई सुरेख दिसते, पण बोट फिरवलं की शाई पसरते. लेझर असेल तर पावडर सुटते.

यातलं चौथं लक्षण दिसलं तर तिथेच छपाई थांबवा. कार्ड शाईच्या हेडला घासत असल्याची ती खूण आहे, आणि हेड हा त्या मशीनमधला सगळ्यात महाग भाग. बाकीच्या लक्षणांत थोडी सवड असते.

आधी साधा कागद घालून पाहा

साधे ७५ जीएसएमचे (हे कागदाच्या वजनाचं माप, पुढे सांगतो) दहा कागद घाला आणि दहाही छापा. दहाही सरळ, एकेक करून बाहेर आले तर मशीन ठीक आहे, अडचण कार्डात किंवा सेटिंगमध्ये आहे. साधा कागदही अडकत असेल तर मधलं सगळं सोडून टॉर्च आणि रोलरच्या भागाकडे जा. ही दोन मिनिटांची तपासणी न करता लोक कार्डामागून कार्ड वाया घालवतात, आणि पत्रिकेचं कार्ड काही स्वस्त नसतं.

कार्डाचं वजन करा

पाकिटावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोर आकाराचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे तुमच्या कार्डाचे सोळा ए-फोर ताव वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले की जितके ग्रॅम भरतील तितके त्याचे जीएसएम. गावात सोनार असेल तर एकच ताव पुरे, त्याच्या काट्यावर येईल त्या आकड्याला सोळाने गुणा.

एका लग्नघरी मी असंच केलं. गठ्ठ्यावर निळ्या पेनाने "२२०" लिहिलं होतं. नवरदेवाचे वडील म्हणाले, मशीन नवंच आहे, घेऊन सहा महिने झाले नाहीत, कंपनीने फसवलं. शेजारीच सोनाराचं दुकान होतं. काचेच्या पेटीतल्या त्या नाजूक काट्यावर एक ताव घडी न घालता तोलून धरला. आकडा आला १८.६. सोळाने गुणलं तर जवळपास ३००. २२०चं कार्ड पावणेचौदा ग्रॅमच भरायला हवं होतं. मशीनचा दोष नव्हता, दुकानातून दुसराच गठ्ठा बांधून दिला होता. कार्ड बदलून आणलं आणि त्याच मशीनवर सगळ्या पत्रिका निघाल्या.

आता मशीनची मर्यादा पाहा. ती माहितीपुस्तिकेत "मीडिया वेट" किंवा "पेपर वेट" या नावाखाली असते. तिथे एक बारकावा आहे. मागच्या फटीची मर्यादा वेगळी असते, समोरच्या ट्रेची वेगळी. जाहिरातीत छापतात तो मोठा आकडा बहुधा एकाच फटीचा असतो, आणि कधीकधी फक्त फोटो पेपरचा. आपल्याकडच्या दुकानांत वर्षानुवर्षं चाललेले दोन लेझर प्रिंटर घ्या, एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९००. दोन्ही दणकट, पण दोन्हींची मर्यादा १६३ जीएसएमची. म्हणजे ए-फोर ताव साधारण दहा ग्रॅमचा. त्यात २५०चं कार्ड घालून "हा आता म्हातारा झाला" म्हणणं त्या मशीनवर अन्याय आहे.

वजन आणि जाडी एकच नसतात, हेही लक्षात असू द्या. चकचकीत आर्ट कार्ड दाबून केलेलं असतं, त्यामुळे २५० जीएसएमचं असूनही पातळ लागतं. आयव्हरी किंवा बल्की बोर्ड त्याच वजनात फुगीर आणि ताठ असतो. प्रिंटरला वजन कळत नाही, त्याला जाडी आणि ताठपणा जाणवतो. म्हणून शेजाऱ्याचं २५०चं गेलं आणि आपलं २२०चं अडकलं, असंही होतं.

सेटिंग

कार्ड घातलं आणि मशीनला सांगितलंच नाही की हे कार्ड आहे, तर ते साधा कागद समजूनच काम करणार. मोबाइलवरून प्रिंट देणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास होतं, कारण तिथे कागदाचा प्रकार आपणहून "प्लेन पेपर" धरला जातो आणि बदलायची जागा कुठेतरी आत दडलेली असते. शक्य असेल तर जाड कार्डाची छपाई कॉम्प्युटरवरूनच द्या. प्रिंटच्या खिडकीत "प्रॉपर्टीज" किंवा "प्रेफरन्सेस" उघडा आणि "पेपर टाइप"मध्ये कार्डस्टॉक, थिक किंवा मॅट यांपैकी जे असेल ते निवडा.

याने काय होतं? इंकजेटमध्ये छपाईचा वेग आणि शाईचं प्रमाण बदलतं, काही मशीनमध्ये हेड थोडं वर उचललं जातं. कार्ड घासत असेल तर एवढ्यानेच पुष्कळदा काम होतं. काही इंकजेटच्या देखभालीच्या पानावर जाड कागदासाठी किंवा कागद घासू नये म्हणून वेगळी खूण करायची सोय असते. ती करा आणि कार्डं संपल्यावर आठवणीने काढा, नाहीतर साध्या कागदावरची अक्षरं फिसकटलेली येतील. लेझरमध्ये कारण वेगळं. तिथे पावडर दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या फ्यूजरमध्ये वितळून कागदाला चिकटते. जाड कार्ड ती उष्णता स्वतःच पिऊन टाकतं, पावडर अर्धी कच्ची राहते आणि नखाने खरडली की सुटते. "थिक" निवडलं की मशीन कार्ड सावकाश पुढे नेतं किंवा फ्यूजर जास्त तापवतं.

दोन्ही बाजूंची छपाई आपोआप होण्याची सोय, म्हणजे ड्युप्लेक्स, बंद ठेवा. त्यात कागद परत आत ओढून गोल फिरवला जातो आणि जाड कार्ड नेमकं तिथेच अडकतं. एक बाजू छापा, पूर्ण वाळू द्या, मग हाताने उलटून घाला.

कार्ड ए-फोरपेक्षा लहान कापलेलं असेल तर तेच माप सेटिंगमध्ये भरा. आत एक छोटी पट्टी असते, कागद आला की दबते आणि गेला की सुटते. मशीनला वाटतं ए-फोर आहे, पट्टी मात्र आधीच सुटते, आणि काही अडकलेलं नसतानाही जॅम दाखवला जातो.

कार्ड घालायची रीत

मागची फट असेल तर तीच वापरा. समोरच्या खालच्या ट्रेमधून गेलेला कागद आत पूर्ण उलटा वळून येतो, शेतातल्या कोपऱ्यावर बैलजोडी फिरते तसा. मागून गेलेला कागद थोडासा उतरून जवळपास सरळ पुढे येतो. काही मशीनला मागे लहान झाकण असतं, ते उघडलं की एकेक ताव सरळ घालता येतो. पुष्कळांना ते झाकण आहे हेच माहीत नसतं. एकदा मशीन भिंतीपासून सरकवून मागून बघा.

एका वेळी एकच कार्ड घाला. रोलरला एक कार्ड ओढायलाच जोर लागतो, वर आणखी दहांचं वजन पडलं तर तो फिरत राहतो आणि कार्ड हलत नाही. मशीनने ओढायला सुरुवात केली की मागून अगदी हलका आधार द्या. ढकलायचं नाही, फक्त मागचं टोक लोंबू द्यायचं नाही. बाजूच्या पट्ट्या कार्डाला टेकतील एवढ्याच आणा. घट्ट आवळल्या तर कार्ड मधे फुगतं, सैल ठेवल्या तर तिरपं जातं.

कापलेल्या कडेवरून बोट फिरवून पाहा. हाताच्या कटरवर कापलेल्या कार्डाला एका बाजूने बारीक धार राहते, नुकत्याच घासलेल्या कोयत्याला राहते तशी. ती धार रोलरला अडते. वही दाबायला वापरतो तशा सपाट वस्तूने, वाटीच्या काठाने सुद्धा, पुढची कड घासून बसवा. मग पुढची बोटभर कड दोन्ही हातांनी वळणाच्या दिशेने हलकेच वाकवा. घडी पडू द्यायची नाही, नुसता कल द्यायचा. न सरकणारी निम्मी कार्डं एवढ्यावर सरकतात, हा माझा अनुभव.

आणि एक गोष्ट, जी कार्ड विकणारेही सांगत नाहीत. कागदाला दिशा असते. त्यातले तंतू बहुतांशी एकाच बाजूला धावतात. बांबूच्या कामट्यांचा पडदा एका बाजूने सहज गुंडाळला जातो, दुसऱ्या बाजूने ताठ राहतो, तसंच कार्डाचं. एका वाया गेलेल्या कार्डातून चौकोनी तुकडा कापा, वरच्या कडेवर पेनाने खूण करा आणि दोन्ही बाजूंनी वाकवून पाहा. चौकोनीच कापा, कारण लांबट तुकडा लांबीच्या बाजूने सहज वाकल्यासारखा वाटतो आणि फसगत होते. वरची आणि खालची कड एकमेकांकडे आणताना कार्ड सहज वाकत असेल तर तंतू रोलरला समांतर आहेत, म्हणजे वळण सोपं जाईल. उलट असेल तर तेच कार्ड हट्टाने ताठ राहील. मोठ्या शीटमधून ए-फोर कापून घेताना कापणाऱ्याला हे सांगा. आडवं कापायचं की उभं, एवढाच प्रश्न आहे, पैसे तितकेच लागतात.

कूलर आणि उन्हाळा

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो आणि घरात कूलर चोवीस तास चालतो. कूलरची हवा ओली. उघड्या ठेवलेल्या गठ्ठ्याच्या कडा ती ओल पितात, मधला भाग कोरडा राहतो आणि कडांना लहरी येतात. असं कार्ड वर उचललेल्या कडेने हेडला घासतं. कूलर नसलेल्या खोलीत उलट होतं, कार्डं इतकी कोरडी पडतात की एकमेकांना चिकटून दोन-दोन जातात. उपाय साधा आहे. गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवा, लागतील तेवढीच कार्डं काढा, घालण्याआधी चारही कडांनी फडफडवा, आणि प्रिंटर कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. पावसाळ्यात तर गठ्ठा फोडला त्याच दिवशी छपाई उरकून घ्या.

छपाई चालू असताना वीज गेली तर कार्ड ओढून काढू नका. वीज येऊ द्या. मशीन सुरू झालं की बहुतेक वेळा स्वतःच कार्ड बाहेर टाकतं. लेझर प्रिंटर घरच्या लहान इन्व्हर्टरवर चालवू नका, फ्यूजर तापताना तो एकदम मोठा भार घेतो.

टॉर्च लावून फट बघा

मागची फट वर तोंड करून उघडी असते. त्यात काय काय पडतं ते मी पाहिलं आहे: टाचणी, शर्टाचं बटन, तुरीचा दाणा, शाळेतल्या मशीनमध्ये खडूचा तुकडा. हिंगणघाटकडच्या एका घरी भाव चढेल म्हणून कापूस खोलीतच भरून ठेवला होता आणि त्याच खोलीत प्रिंटर. साधा कागद जात होता, कार्ड दरवेळी डावीकडे तिरपं. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं तर रोलरच्या डाव्या अंगाला एक सरकी, तिला चिकटलेल्या कापसासकट, कोपऱ्यात रुतलेली. साधा कागद तिच्यावरून वाकून निघून जायचा. कार्डाला वाकता येत नव्हतं, ते तिला टेकून फिरायचं. लांब चिमट्याने सरकी काढली आणि काम झालं. त्या घरच्या मुलीने आधी दीडशे कार्डं वाया घालवली होती. प्रत्येक वेळी आपणच वाकडं घातलं असं समजून ती बिचारी पुन्हा घालून पाहत होती.

हे करताना मशीनची वायर प्लगमधून काढा. लेझर असेल तर उघडून निदान अर्धा तास थंड होऊ द्या. इंक टँकचं मशीन कधीही उलटं किंवा आडवं करून झटकू नका. आतली वस्तू पडेल न पडेल, शाई मात्र नक्की पसरेल.

अडकलेलं कार्ड काढताना ते ज्या दिशेने जात होतं त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढा. उलटं ओढलं तर कागद ओळखणारी ती छोटी पट्टी मोडते. फाटलं तर तुकडे जमिनीवर जुळवून पाहा. एक कोपरा जरी कमी असला तरी तो आतच आहे. हेड ज्यावर सरकतं त्या दांड्याजवळ आडवी ताणलेली एक पारदर्शक पातळ पट्टी दिसेल, तिला बोट लावू नका. हेड कुठे आहे हे मशीन त्या पट्टीवरून वाचतं. तिला तेल-शाई लागली की हेड वेड्यासारखं कडेला जाऊन आपटतं.

रोलर

वर्ष-दोन वर्षं वापरल्यावर ओढणाऱ्या रबरी रोलरवर कागदाची भुकटी आणि धूळ बसते, कापसाच्या घरात तर बारीक तंतूही. रबर गुळगुळीत चमकायला लागतं. साधा कागद तरी ओढला जातो, जड कार्डावर त्याची पकड सुटते. तंतू न सुटणारं सुती कापड स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि रोलर बोटाने फिरवत सगळीकडून पुसा. कापड काळं येईल. येईनासं होईपर्यंत पुसा, वाळू द्या. पेट्रोल, थिनर, रॉकेल लावू नका, रबर फुगतं किंवा कडक होऊन तडकतं. काही जण पॉलिश पेपरने घासतात. दोन दिवस पकड येते, मग रोलर कायमचा कामातून जातो.

रोलर पुसण्यासाठी झाकण काढायला स्क्रू उघडावे लागत असतील, तर तिथे तुमचं काम संपलं.

शाई सुकतच नसेल तर

इथे मशीनला दोष देऊ नका, कार्ड बदला. छापखान्यातल्या ऑफसेट छपाईसाठी केलेल्या चकचकीत आर्ट कार्डावर इंकजेटची पाण्यासारखी शाई मुरत नाही, वरच तरंगते. तासाभराने हात लावला तरी पुसली जाते. इंकजेटला मॅट, आयव्हरी किंवा "इंकजेट"साठी म्हणून विकलं जाणारं कार्ड घ्या. आर्ट कार्डच हवं असेल तर ते लेझरचं काम, तेही मर्यादेत बसत असेल तर. चमकी लावलेली, मखमली, सोनेरी फॉइलची किंवा प्लास्टिकचा थर असलेली कार्डं लेझरमध्ये अजिबात घालू नका. ती आत वितळून फ्यूजरला चिकटतात, आणि तो बदलण्याचा खर्च ऐकून लोक नवीनच मशीन घेतात.

वर्धा जिल्हा म्हटला की हातकागदाच्या पत्रिकेची हौस असतेच. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीतल्या कामात हातकागदही होता, त्यामुळे त्याबद्दल आपल्याकडे जिव्हाळा आहे. मलाही तो कागद आवडतो. पण त्याची जाडी जागोजागी वेगळी असते आणि वरचे सुटे तंतू रोलरमध्ये जातात. मजकूर साध्या चांगल्या कागदावर छापा आणि हातकागदाच्या कव्हरात आत चिकटवा, किंवा स्क्रीन प्रिंटिंग करून घ्या. ते त्यावर उठूनही छान दिसतं.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

कागद न घालताही आतली दातेरी चाकं कटकटत असतील. जळका वास येत असेल. मशीनच्या खालून शाई झिरपत असेल. तुकडा आत राहिला आहे आणि टॉर्च लावूनही दिसत नाही. हेड एका बाजूला आपटत असेल. लेझरमध्ये फ्यूजरपाशी कार्ड अडकलं असेल आणि दोन बोटांत धरण्याएवढंही बाहेर नसेल. काहीही आत नसताना जॅमचा दिवा जात नसेल. यांपैकी एकही असेल तर प्लग काढा आणि पुढे काही करू नका. चाकू, विणकामाची सुई, हॅक्सॉ ब्लेड आत घालून काढलेल्या कार्डांनी जेवढी मशीनं मेली आहेत तेवढी कार्ड अडकून मेलेली मी पाहिली नाहीत. वॉरंटी चालू असेल तर एकही स्क्रू फिरवू नका, थेट कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करा.

रोलर आणि त्याच्यासमोरचा रबरी पॅड झिजला असेल तर तो बदलणं मेकॅनिकचं काम, पण खर्च मशीनच्या किमतीच्या मानाने थोडा असतो. त्याला बोलवताना मॉडेल नंबर, पडद्यावरच्या संदेशाचा फोटो, आणि जे कार्ड अडकतं त्याचे चार ताव समोर ठेवा. माझ्या हाती कार्ड नसेल तर मी साध्या कागदावर तपासतो, सगळं नीट चालतं, आणि मी फाटकाबाहेर पडलो की तुमचं कार्ड पुन्हा फसतं.

कार्डासाठीच नवीन घ्यायचा असेल तर

सगळं करूनही कार्ड जात नसेल, कारण मशीनची वाटच वळणाची आहे, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. नवीन घेताना कंपनीपेक्षा वाट बघा. मागून कागद घालायची सोय आहे का? माहितीपत्रकात त्या मागच्या फटीसाठी कार्डाचं वजन वेगळं लिहिलं आहे का? "पेपर टाइप"च्या यादीत जाड कागद किंवा कार्ड आहे का? समोरच्या खालच्या ट्रेचंच मशीन असेल तर ते साध्या कागदासाठी कितीही चांगलं असो, कार्डासाठी घेऊ नका. घरच्या कामासाठी माझा सल्ला मागून कागद घेणाऱ्या इंक टँकचा आहे, आणि कार्ड १८० ते २२० जीएसएमच्या दरम्यानचं. घडीच्या पत्रिकेला, प्रमाणपत्राला, डब्यावरच्या कार्डाला एवढी जाडी भरपूर होते. ३००चं कार्ड हातात भारदस्त लागतं हे खरं, पण ते छापखान्याचं काम आहे. तीनशे-चारशे पत्रिका असतील तर तालुक्याच्या छापखान्यात विचारून बघा, शाई आणि वाया जाणारी कार्डं धरली तर घरी छापणं महाग पडतं.

त्या मॉडेलचे रोलर आणि पॅड सुटे मिळतात का, आणि सर्वांत जवळचं सेवा केंद्र अमरावती, वर्धा की थेट नागपूर, हे पैसे देण्याआधी विचारा. घरून निघताना तुमच्या कार्डाचे पाचसहा ताव पिशवीत घाला, वहीत दाबून, म्हणजे एसटीत दुमडणार नाहीत. दुकानातल्या चालू मशीनमध्ये मागून एकेक घालून दाखवायला सांगा. पहिला ताव गेला म्हणून समाधान मानू नका, पाचही छापून घ्या आणि प्रत्येकाची पुढची कड उजेडात धरून बघा. तिथे शाईचा बारीकसा जरी फराटा दिसला तर ते मशीन तिथेच राहू द्या.